शेडमधल्या बावीस गोण्या

सुदर्शन,

पुण्याला आईकडे निघालेय. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही.

तू फोनवर म्हणालास म्हणून घर तापवायच्या बॉयलरसाठी भुसा दाबून केलेले स्वस्त लाकडी पेलेट्स शोधले. तीन दुकानांतले नमुने आणून पिठाच्या चाळणीत चाळून पाहिले. सर्वांत स्वस्त गोणीत निम्मा भुसाच निघाला. मधल्या भावाचे चांगले टणक आहेत, राखही कमी पडते. दुकानाचा नंबर फ्रिजवर लावलाय.

पण मागवायची घाई करू नकोस. शेडमध्ये गेल्या हिवाळ्यातल्या बावीस गोण्या तशाच पडल्यात. सोमवार ते शुक्रवार तू नोकरीसाठी झूटरमेर शहरात राहायचास; माझ्या एकटीसाठी कशाला बॉयलर, म्हणून मी शाल गुंडाळून बसायचे.

शेडचं दार एकदा उघडलं असतंस, तर तुलाही दिसल्या असत्या.

विशाखा