आईचं राहून गेलेलं मत

अण्णा, परवा शेजारचे एक शिक्षक चहाला आले नि म्हणाले, "मतदारांची आधी परीक्षा घ्यायला हवी. खासदार काय करतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मत कशाला द्यायचं?" अगदी तुमचंच बोलणं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तुमचाच आवाज ऐकू आला.

पहिल्या निवडणुकीच्या आधीचं आपलं घाटकोपरचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही शाळेतून शिकवून येता, टोपी खुंटीला लावता आणि आईला विचारता, "सांग, कायदे कोण करतं?" आई भाकरी थापत, मान खाली घालून उत्तर देते. चुकली की तुम्ही म्हणता, "न समजता मत द्यायचं असेल तर घरीच बस." मला तुमचा असा राग यायचा! पण चाळीत दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने बायकोला एवढंही शिकवलं नव्हतं, म्हणून तो राग धड टिकायचाही नाही. आई मात्र हट्टाला पेटलेली. शेवटी लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपती सगळं घडाघडा म्हणायला लागली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता जा."

मतदानाच्या दिवशी तुमची ड्यूटी मुलुंडला होती. माझं मताचं वय झालेलं नव्हतं, तरी मी आईबरोबर रांगेत. टेबलामागच्या कारकुनाने यादीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "नवऱ्याचं नाव?" उखाण्याशिवाय तिने तुमचं नाव जन्मात घेतलं नव्हतं, आणि नेमका उखाणाच आठवेना. मी सांगायला गेले तर तो म्हणाला, "तू नाही, बाईंनीच सांगायचं. आठवलं की या. पुढचे चला." आई भिंतीशी उभी, घामाघूम, ओठ नुसते हलतायत. मागच्या बायका हसायला लागल्या तशी माझा हात धरून म्हणाली, "चल घराक." मी किती विनवलं, पण ती मागे फिरली नाही.

संध्याकाळी तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "एवढी मेहनत पाण्यात घातलीस." आई तुमच्या पानात भात वाढत म्हणाली, "तुमच्या त्या सभांनी माजो उखाणो गिळल्यानी." तुम्ही हसलात, मीही हसले. ती हसली नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत ती राहिलीच नाही.

त्या शिक्षकांना काय सांगू? मत देणाऱ्याला चार गोष्टी कळाव्यात, हे मलाही पटतं. मग आईचा तो भिंतीशी उभा चेहरा आठवतो आणि काहीच पटेनासं होतं. मी त्यांना आणखी अर्धा कप चहा ओतला, तो पिऊन ते गेले.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे. तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती तरी पाठवलं नसतं. परतताना वाटेत मी चिडून आईला विचारलं होतं, साधं नाव घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "तेंचा आयुष्य कमी झाला असता तर?" तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. तेव्हा नाही सांगितलं. आजही सांगवत नाही.