आईचा उजवा हात

प्रिय खारू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. मी धडधाकट आहे, काळजी करू नकोस. गेल्या आठवड्यात तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तुझ्या लेकीच्या सर्दीची चौकशी करून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "दादा, सर्दी कधीच गेली, आता तरी बोल." मला नाही बोलता आलं, म्हणून लिहायला बसलोय. आज रविवार. सकाळचे दहा वाजलेत आणि मी आमच्या विभागातल्या सरावाच्या स्वयंपाकघरात बसलोय. इथे गॅस आहे, कपाटं आहेत, भांडीकुंडी आहेत, पण घर कुणाचंच नाही. ओटा खालीवर करता येतो, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचाही हात पोचतो. पेशंट इथे चहा करून दाखवतात आणि आम्ही वह्या घेऊन बघत उभे राहतो. सुट्टीच्या दिवशी इथे कुणी फिरकत नाही. किल्ली माझ्याकडे असते, वर्गात सगळ्यात म्हातारा मीच ना!

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे नक्की काय, असं मी प्रवेश घेतला तेव्हा तू विचारलं होतंस आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. आता सांगतो. आजारानं किंवा अपघातानं ज्याचं रोजचं जगणं हातातून सुटलंय, त्याला ते पुन्हा हातात घ्यायला शिकवायचं. दात घासणं, शर्ट घालणं, पोळपाट धरणं, सही करणं. ऐकायला किरकोळ वाटतं. त्यासाठी दोन वर्षं शरीररचना, मेंदू, मानसशास्त्र, खुर्च्यांची मापं, हाताला बसणाऱ्या पट्ट्या तयार करणं, असं काय काय शिकावं लागतं. माझी जुनी पदवी इतकी वर्षं कपाटात पडून होती, ती बाहेर काढून मी अडतिसाव्या वर्षी या पोरांत जाऊन बसलो. ती मला 'आजोबा' म्हणतात. प्रवेशाच्या मुलाखतीत मी छाती फुगवून सांगितलं होतं, "अर्धांगवायू झालेल्या माझ्या आईचं मी अकरा वर्षं सगळं केलंय. सगळं." समोरच्या मॅडमनी ते लिहून घेतलं आणि मान डोलावली. मला वाटलं, खूश झाल्या.

त्या मॅडमचं नाव आम्ही 'थांबा मॅडम' ठेवलंय. पेशंट धडपडत असला आणि आपण पुढे सरसावलो, की मागून आवाज येतो, "थांबा." पहिल्याच महिन्यात त्यांनी आमचे उजवे हात झोळीत अडकवले आणि दिवसभर एका हातानं जगायला सांगितलं. खारू, पँटची चेन लावताना मी रडकुंडीला आलो. शेवटी एका बावीस वर्षांच्या पोराला म्हटलं, "बाबा रे, लाव." तो बिचारा वाकला आणि मागून, "थांबा!" सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या पोराचा हात पुढे आला तेव्हा मी नकळत मागे सरकलो, आणि त्याची गंमत मला नंतर वाटेना. माझं काम माझ्याऐवजी कुणीतरी करून टाकणार होतं. आईला असं रोज वाटत असेल का, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष वॉर्डात काम असतं. मला मिळाले ड्रायव्हरकाका. बत्तीस वर्षं बस चालवली, निवृत्तीनंतर सहा महिन्यांत उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत होतं, स्वभाव खट्याळ. त्यांना एकच गोष्ट हवी होती, आपल्या शर्टाची बटणं आपण लावायची. लुळा हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला, हे ते पटकन शिकले. बटणापाशी गाडी अडायची. बोटं बटणावर जायची, घसरायची, पुन्हा जायची. चौथ्या दिवशी तिसऱ्या बटणाला सात मिनिटं झाली. जेवणाची गाडी आली होती, त्यांची बायको दारात उभी होती, आणि मी झटकन पुढे होऊन उरलेली चारही बटणं लावून टाकली. काकांनी खाली शर्टाकडे बघितलं. मग म्हणाले, "माझं झालं असतं, साहेब. मला घाई नव्हती. तुम्हाला होती."

थांबा मॅडमनी मला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. त्यांनी नुसतं विचारलं, "अकरा वर्षांत आईला एखादं बटण लावू दिलं होतंत?" मी म्हटलं, "मॅडम, तिचा हातच गेला होता." त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून?"  उत्तर मला येत होतं, म्हणूनच मी उठून वॉर्डात निघून गेलो.

तुला आठवत असेल तेवढंच मलाही आठवतं, पण एकदा लिहून काढू दे. बाबा आधीच गेलेले. मी बावीस वर्षांचा, तू तेरा. आई दवाखान्यातून आली ती उजवी बाजू आणि वाचा गमावून. 'नाही' आणि तुझं नाव, एवढंच तिच्या तोंडून निघायचं. माझं नाव कधी निघालं नाही आणि त्याचं मला वाईट वाटायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. मी नोकरी धरली. सकाळी तिचं सगळं उरकून जायचो, दुपारी मधल्या सुट्टीत धावत यायचो. भरवायचं, पुसायचं, केस विंचरायचे, कपडे चढवायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, मुलगा असावा तर असा. ते ऐकायला मला आवडायचं. तो लुळा हात मी उशीवर ठेवायचो, त्याला कशाचाही धक्का लागू द्यायचो नाही.

आणि तू? तू शाळेतून आलीस की आईच्या मांडीवर परात ठेवायचीस आणि मटाराच्या शेंगा ओतायचीस. डाव्या हातानं सोलायचं आणि उजव्यानं परात दाबून धरायची, असा तुझा नियम होता. परात उलटली की दाणे घरभर. तुम्ही दोघी खोलीत रांगत दाणे शोधायचात, म्हणजे तू रांगायचीस आणि आई बोट दाखवून हसायची. एकदा कॉटखाली मला दाणे सापडले तेव्हा मी तुझ्यावर किती ओरडलो! आजारी बाईला राबवतेस म्हणालो. तू म्हणालीस, "दादा, तिची बोटं हलतात. परवा तर तिनं शेंग धरली." मी म्हटलं, "डॉक्टर आहेस का?"

गेल्या वर्षी आम्हाला एक धडा होता. मेंदूला इजा झाल्यावर हात सुरुवातीला साथ देत नाही. माणूस दोनचारदा प्रयत्न करतो, फसतो, आणि तो हात वापरायचंच सोडून देतो. पुढे हातात थोडी ताकद परत आली तरी वापर होत नाही, कारण न वापरण्याचीच सवय जडलेली असते. भोवतालची माणसं सगळं करून देत असतील तर ती सवय आणखी पक्की होते. न हलवलेला हात आखडत जातो, बोटं तळव्यात रुततात. सरांनी पडद्यावर अशा एका मुठीचा फोटो दाखवला. पोरं माना खाली घालून लिहून घेत होती. मला लिहायची गरज नव्हती. ती मूठ मी कित्येक वर्षं रोज कोमट पाण्यानं धुतली होती, बोटांमध्ये कापसाचे बोळे सारून. त्याच आठवड्यात, कुठलंही एक घरगुती काम निवडा आणि त्यात शरीराला काय काय करावं लागतं ते एकेक पायरी मांडून लिहा, असं काम दिलं होतं. मी मटार सोलणं निवडलं. सव्वीस पायऱ्या निघाल्या. दोन्ही हात, नजर, पकड, दाब, बसण्याचा तोल, शिवाय सोबत हसायला कुणीतरी. मॅडमनी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हटलं, सहज.

मग तो गुरुवार. तू चौदा वर्षांची होतीस. मी कामावरून लवकर आलो. त्या दिवशी आईच्या अंगावर उकळतं पाणी सांडलं, पोट आणि मांडी भाजली, तीन आठवडे ती पुन्हा दवाखान्यात गेली. तिला ओट्याशी, उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ उभं केलं होतंस तूच, आणि टॉवेल आणायला आत गेली होतीस. धावत बाहेर आलीस तेव्हा पातेलं जमिनीवर होतं आणि आई माझ्या हातात. मी तुझ्या थोबाडीत मारली. म्हणालो, "मी दारात पाय ठेवला तेव्हा पातेलं पडलेलं होतं. तू जीव घेतला असतास तिचा." मावशी आली, तिलाही तेच सांगितलं. आठवडाभरात तुझं दप्तर आणि कपडे भरून तुला मावशीकडे पाठवून दिलं. तू एका शब्दानं उलट बोलली नाहीस. नंतरच्या दहा वर्षांत, आई जाईपर्यंत, तू सुट्टीत यायचीस, आईपासून हातभर लांब बसायचीस, आणि तिनं खुणेनं पाणी मागितलं तरी मला हाक मारायचीस.

यंदा शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक निबंध लिहायचा होता, आपण स्वतः काळजी घेतलेल्या एका माणसाविषयी. मी आईवर चौदा पानं लिहिली. अगदी ओतून लिहिली, वर्गात वाचली तेव्हा दोन मुलींचे डोळे भरून आले. वही परत आली. गुण चांगले होते. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एकच ओळ होती: 'पहिल्या पानावर मटार सोलून घेणारी बहीण आहे. ती पुढे कुठे गेली?' मी ती वही बंद केली आणि तीन दिवस वर्गात गेलो नाही.

चौथ्या दिवशी गेलो, कारण ड्रायव्हरकाकांना घरी सोडणार होते. त्यांनी मला समोर उभं केलं आणि सहाही बटणं लावून दाखवली. एकोणीस मिनिटं लागली. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलं. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो आणि ते बांधून ठेवायला किती जोर लागतो ते मला त्या दिवशी कळलं. त्यांची बायको हसत रडत होती. काका म्हणाले, "बघा साहेब, बस वेळेवर पोचली." मी हसलो आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो. पुढच्या महिन्यात माझी तोंडी परीक्षा आहे. पास होईन बहुतेक. पण त्या जिन्यात बसल्यावर कळलं की एका माणसाला खरं सांगितल्याशिवाय मला कुणाच्याही हाताला हात लावायचा हक्क नाही.

ते आजच लिहितोय, कारण मंगळवारी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. तुझ्या सासूबाईंना दवाखान्यातून सोडताहेत, उजवी बाजू गेली आहे, त्यांना तुमच्या घरी यायचंय, आणि तू एकटीच नको म्हणते आहेस. त्यानं कारण विचारलं तर तू म्हणालीस, "माझ्या हाताखाली एक बाई भाजली आहे, दुसरी नको." खारू, ते पातेलं आईच्या हातून पडलं नाही. मी दारात आलो तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती. डाव्या हातानं पातेल्याचा एक कान आणि उजव्यानं दुसरा, फडक्यात धरून. पातेलं हलत होतं, पण तिनं ते धरलं होतं. त्या हातानं धरलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. मी ओरडत गेलो आणि ते तिच्या हातातून हिसकावलं. पाणी माझ्यामुळे सांडलं. तुझी पावलं वाजली आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर मी ते सोळा वर्षं परत घेतलं नाही. त्यानंतर तिच्या हातात मी चमचासुद्धा दिला नाही, कारण तो हात चालू लागला असता तर मला माझं खोटं रोज बघावं लागलं असतं. दवाखान्यात ती तुझं नाव घेऊन 'नाही, नाही' करायची. मी तुला सांगितलं की ती तुला जवळ येऊ नको म्हणतेय. ती मला सांगत होती की पाणी सांडणारी तू नाहीस. दोनच शब्द होते तिच्याकडे आणि ते दोन्ही तिनं तुझ्यासाठी खर्च केले. सासूबाईंना घरी आणायचं की नाही ते तू ठरव. थकली असशील, जमणार नसेल, तर नाही म्हण, मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. पण या कारणासाठी नाही म्हणू नकोस, कारण हे कारण तुझं नव्हतंच. मला माफ कर असं लिहायचं धाडस नाही. हे पत्र तुझ्या नवऱ्याला वाचायला दे, मावशीलाही दे. आपल्या घरात आईला बरं करू शकणारं एकच माणूस होतं, ते चौदा वर्षांचं होतं, आणि त्याला मी हाकलून दिलं.

तुझाच,
दादा