रावसाहेबांच्या मोटारीचं दार

सातारा, गुरुवार, १२ डिसेंबर १९४६

दुपारपासून डोकं सणकलंय.

रावसाहेबांच्या जुन्या मोटारीच्या दारापायी चार दिवस खपलो. बिजागऱ्या झिजून दार लोंबत होतं, वर उचलल्याशिवाय लागतच नव्हतं. गंजके स्क्रू काढताना बोटं सोलली. बिजागऱ्यांची भोकं गोल करून आत पितळी बुश, म्हणजे छोट्या नळ्या, बसवल्या, लेथवर दोन नव्या खिळी कातल्या. काल दार एका बोटानं ढकललं आणि लागलं. एका बोटानं! पलटणीत मोटारी दुरुस्त करायचो, तिथंसुद्धा असं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

आज रावसाहेब आले. सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी दार वर ओढलं. ते हललं नाही, त्यांच्याच खांद्याला हिसका बसला.

"जाम करून ठेवलंस की! उचलत का नाही हे?"

"साहेब, आता उचलायचं नाही. एका बोटानं ढकला."

"माझ्या मोटारीचं दार कसं लावायचं, ते तू शिकवणार मला? होतं तसं करून दे."

त्यांचा ड्रायव्हर गणपा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, लय वर्सांची सवय हाय त्येंची. घाला जुनं परत, आन् मोकळं व्हा."

नव्या खिळी काढल्या, झिजलेल्या घातल्या. दार पुन्हा लोंबलं. रावसाहेबांनी ते उचललं, आपटलं आणि म्हणाले, "हां, आता कसं नीट झालं!"

यावर मी काय म्हणालो? हात जोडून म्हणालो, "व्हय जी."