हे बाहेर गेलेत

३ मार्च, सोमवार
धाकट्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. माझा सख्खा भाऊ, ड्रायव्हिंग शिकवायचा. ज्यांना शिकवूनही जमेना त्यांच्या जागी स्वतःच टोपी घालून टेस्ट द्यायचा. दर वेळी पास. मला अभिमान वगैरे अजिबात नाही. पण दर वेळी.

तुरुंगातून रविवारी फोन करू देतात, दहा मिनिटं. नंबर नात्यातला हवा, आणि त्यांनी आधी तपासून मंजूर केलेला. माझा नंबर दिला. एका दिवसाचं काम.

नंबर यांच्या नावावर आहे. हे जाऊन सहा वर्षं झाली. बदलून घ्यायला वेळ झाला नाही.

४ मार्च
रडारड करायची नाही. चौकशाही नाहीत. दहा मिनिटं वाया न घालवता त्याला पुस्तक वाचून दाखवायचं. मी चौथीत शाळा सोडली, पुढचं सगळं वाचून वाचून शिकले. तो दहावी झाला आणि वाचतो फक्त गाड्यांच्या पाट्या. जहाजांच्या प्रवासावरचं जाड पुस्तक काढून ठेवलं. सहाशे बारा पानं. दहा मिनिटांत चार. तीन वर्षं लागतील.
शिक्षा जरा कमी पडतेय.

६ मार्च, सकाळ
तुरुंगाच्या फोन विभागातून मॅडमचा फोन. हात साबणाचे होते. यांचं नाव घेऊन म्हणाल्या, आहेत का?
'बाहेर गेलेत,' म्हटलं.
तोंडातून गेलंच. विमावाले, प्लॉटवाले, टायरवाले, सगळ्यांना सहा वर्षं हेच सांगते. एकट्या बाईने खबरदारी घ्यायला हवी. बाकी काही नाही.
मॅडम म्हणाल्या, नंबर त्यांच्या नावावर आहे, त्यांचा होकार लागेल. कधी येतील?
संध्याकाळी, म्हटलं.

६ मार्च, संध्याकाळ
मॅडमचा फोन. अजून आले नाहीत, म्हटलं. मॅडमना भयंकर सर्दी आहे. वाफ घ्यायला सांगितलं. चांगली बाई आहे.
आता खरं सांगायचं तर सकाळी खोटं बोलले हेही सांगावं लागणार. तेही तुरुंगाला. एका घरातला एक माणूस आत आहे तेवढा पुरे.

१० मार्च
हे परगावी गेलेत. मीच पाठवले, कामासाठी. मॅडम म्हणाल्या, बरं, आले की सांगा. तिकडे थंडी आहे, स्वेटर नेलाय, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं नव्हतं.
स्वेटर दारामागे आहे. धूळ बसते म्हणून झटकून परत लावला.

१७ मार्च, सोमवार
वकिलांचा निरोप. दोन रविवार धाकटा फोनच्या रांगेत उभा राहतोय. पाळी आली की शिपाई म्हणतो, नंबर मंजूर नाही, पुढचा. जेवणावरचं लक्ष उडालंय म्हणे त्याचं. हा मुलगा तापातसुद्धा दोनदा वाढून घ्यायचा.
आता हलायला हवं. उपाय सापडला: वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंडक्टर. यांच्या जागी फोनवर फक्त 'हो' म्हणायचं.
कंडक्टर म्हणाले, वहिनी, तुमचा भाऊ याच्याचसाठी आत आहे ना?
माणसाला समजच नाही. ती ड्रायव्हिंगची टेस्ट होती, रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न. हा साधा फोन आहे. दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या.

१८ मार्च
तालीम. कंडक्टरांचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचणारा. म्हटलं, हे हळू बोलायचे. यांची जन्मतारीख पाठ करून घेतली. मग कंडक्टरांनी विचारलं, फोन उचलल्यावर काय म्हणायचे ते?
'बोला, ऐकतोय.'
त्यांनी म्हणून दाखवलं. हळू. मला गॅस चालू राहिल्यासारखं वाटलं म्हणून आत गेले. चालू नव्हता. तरी थोडा वेळ तिथेच थांबले.

१९ मार्च
मॅडमचा फोन, स्पीकरवर. सगळं सुरळीत. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. मॅडमनी विचारलं, कैदी तुमचा कोण?
कंडक्टर म्हणाले, मेहुणा. तसे आम्ही कधी भेटलो नाही.
मॅडम म्हणाल्या, लग्नात सुद्धा नाही?
कंडक्टरांनी फोन माझ्या हातात दिला आणि चपला न घालता वर गेले. मॅडम म्हणाल्या, बाई, मालकांना घेऊन समक्ष या, नाहीतर नंबर रद्द.
चूक पूर्णपणे कंडक्टरांची.

२१ मार्च, शुक्रवार
तुरुंगाच्या खिडकीपुढे रांग. मॅडम आवाजापेक्षा लहान निघाल्या, नाक लाल. मालक नाही आले? मी 'परगावी आहेत' घोकूनच गेले होते. तेवढ्यात मागची एक बाई दुसरीला म्हणाली, माझ्या पोराचा परवा फोन येतो, त्याच्यावर आठवडा निघतो.
'ते गेले,' म्हटलं.
मॅडम म्हणाल्या, पुन्हा? आता कुठे?
मग स्पष्ट सांगावं लागलं. मोठ्याने, कारण मध्ये काच होती. वारले. सहा वर्षं झाली.
मॅडमनी मला कागदी रुमाल दिला. खरी गरज त्यांना होती. म्हणाल्या, मावशी, पहिल्याच दिवशी सांगायचंत ना. नंबर स्वतःच्या नावावर करून आणा, आजच यादीत घालते.
फोनच्या दुकानात काम चुटकीसरशी झालं. तिथल्या माणसाला म्हटलं, एवढंच होतं होय? तो म्हणाला, एवढंच. घरी आल्यावर चपला न काढताच आडवी झाले. ऊन लागलं असणार.
यापुढे कोणी यांना विचारलं तर सरळ खरं सांगायचं. ठरलं.

२३ मार्च, रविवार
चष्मा, पाणी, पुस्तकात खूण. फोन आला.
धाकटा म्हणाला, ताई. मी म्हटलं, जेवतोस का नीट? तो म्हणाला, तुझे गुडघे कसे आहेत? असंच चाललं. कंडक्टरांचं सांगितलं तर इतका हसला की मागचा शिपाई ओरडला. म्हणाला, 'मला सांगायचंस ना! दाजींच्या जागी मी पास झालो असतो.'
पुढे म्हणाला, दाजींचा आवाज मला हुबेहूब येतो, काढू?
नको, म्हटलं. पाणी प्यायले. मग काढ म्हटलं.
'बोला, ऐकतोय.'
आणि फोन कटला. दहा मिनिटं संपली.
वाचलेली पानं: शून्य. पुढच्या रविवारी आठ वाचायची.

संध्याकाळ
टायरवाल्याचा फोन. यांना विचारत होता.
बाहेर गेलेत, म्हटलं. स्वेटर नेलाय, हेही सांगितलं.