बिनआडनावाचा किल्ट

रविवार, १७ ऑगस्ट १९८६
संकल्प: रोजनिशी रोज लिहायची. रोज म्हणजे काही घडेल त्या रोज.

आज घडलं. भानुदासच्या लॅबमधला इयन संध्याकाळी घरी आला. ऑक्टोबरच्या अकराला त्याचं लग्न आहे. इथे अमेरिकेत लग्नात नवऱ्यामुलाशेजारी त्याचे जवळचे मित्र ओळीने उभे राहतात. त्यात भानुदासने उभं राहावं, अगदी आपल्याला लागून, असं तो म्हणाला. इयनचे पूर्वज स्कॉटलंडचे, म्हणून सगळ्यांनी किल्ट घालायचा. किल्ट म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा, चौकडीचा, गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट. भानुदास लगेच येस म्हणाला. मला न विचारता. आनंदाच्या भरात होतं असं माणसाचं.

तत्त्वतः मी किल्टच्या बाजूने आहे. पुरुषाने स्कर्ट घालणं हे समतेच्या दिशेने पाऊल आहे. भानुदासला हे अर्धा तास समजावून सांगितलं. त्याने विचारलं, ऑक्टोबरात पायांना थंडी वाजेल का.

मंगळवार, १९ ऑगस्ट
आमच्या कॅरी गावच्या लायब्ररीत जाऊन किल्टचा अभ्यास केला. धक्का बसला. प्रत्येक क्लॅनची, म्हणजे घराण्याची, चौकडी वेगळी! आडनाव सांगितलं की कापड ठरतं. आणि कापड पाहिलं की आडनाव कळतं. म्हणजे लांबूनच. आपल्याकडे निदान विचारावं तरी लागतं.

आणि भानुदासने इयनच्या घराण्याची चौकडी घालायची म्हणे! त्याचं आडनाव मॅकने सुरू होतं, पुढचं मला लिहिता येत नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती काय नातजावयाने दुसऱ्याचं घराणं कमरेला गुंडाळावं म्हणून?

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. राज्यशास्त्र. असले प्रश्न मी सोडवायचे नाहीत तर कुणी?

शनिवार, २३ ऑगस्ट
वसुधाकाकूंकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ नेऊन केलेलं जेवण. काका डॉक्टर, वीस वर्षांपासून इथे. काकू मनाने चांगल्या आहेत. फक्त दर भेटीत विचारतात, तुमचं आडनाव काय म्हणालीस गं? मी म्हणते, रामटेके. त्या म्हणतात, हो हो, रामटेके, म्हणजे मूळचे कुठले? मी म्हणते, नागपूर. त्या म्हणतात, नाही, पण मूळचे? मग मी भात वाढून घ्यायला उठते.

आज विषय बदलावा म्हणून किल्टचं सांगितलं. कापड किती लागतं, विचारलं. म्हटलं, आठ वार. काकू म्हणाल्या, अगं बाई, म्हणजे आठवारीच की! भानुदास, एक वार वाढवून घ्या, काष्टा मारता येईल. सगळे हसले. भानुदास सगळ्यात जास्त हसला. आतून त्याला लागलं असणार.

रविवार, ३१ ऑगस्ट
आमच्या घरात लोकशाही आहे. मी नवऱ्याला नावाने हाक मारते. भांडी आळीपाळीने. म्हणून किल्टचा प्रश्नही रीतसर मताला टाकला. ठराव: कोणत्याही घराण्याचा नसलेला, स्वतंत्र, बिनआडनावाचा किल्ट शिवून घ्यावा. मी बाजूने. भानुदास म्हणाला, अगं पण इयनने इतकं आपुलकीने... हे मत विरोधात धरलं. समसमान झाल्यामुळे अध्यक्षांचं निर्णायक मत द्यावं लागलं. अध्यक्ष मीच होते. ठराव मंजूर.

नंतर भानुदास ‘बघू’ म्हणाला. मौन संमतीचा सिद्धांत आम्हाला बी.ए.ला होता. ‘बघू’ ही तर बोलकी संमती.

शनिवार, ६ सप्टेंबर
डोंगरातल्या स्कॉटिश दुकानात जाऊन आलो. जाऊन-येऊन अख्खा दिवस. ड्राइव्ह भानुदासने केलं, दिशा मी दिली.

दुकानवाली म्हातारी, गळ्यात टेप. पहिला प्रश्न: आडनाव काय? मी भानुदासकडे असं पाहिलं! म्हातारीने जाडजूड पुस्तक काढून आर अक्षर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, रामटेके, रामटेके... हनी, आईकडचं काही आडनाव?

मी बोलले. व्यवस्थित बोलले. जन्मावरून माणसाची ओळख ठरवणं कसं चूक, कापडासारख्या निष्पाप वस्तूतही ते कसं शिरतं, सगळं. म्हातारी शेवटपर्यंत ऐकत होती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं तरी हलली नाही. मी दार अडवून उभी होते, असं भानुदास म्हणतो. मुद्दा तो नाही.

मग तिने एक गठ्ठा काढला. ही चौकडी कुठल्याच क्लॅनची नाही, कुणीही घालावी. माझा विजय. रंग मोहरीसारखा पिवळा, त्यात तपकिरी, त्यात थोडा नारिंगी. पहिल्या नजरेत भरत नाही. तत्त्वं कधीच पहिल्या नजरेत भरत नाहीत.

भानुदास तोवर दुसऱ्या कोपऱ्यात इयनच्या घराण्याचं कापड हातात घेऊन उभा होता. गर्द निळं, त्यावर बारीक पांढरी रेघ. निळा सुंदर आहे, नाकारत नाही. शेवटी आपलाच रंग. पण निळ्यालासुद्धा असं दुसऱ्याच्या दारातून आत येऊ देता येत नाही. भानुदास बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत होता. विणीचा दर्जा तपासत असावा. केमिस्ट आहे.

पिवळ्याची ऑर्डर दिली. माप घेताना भानुदास छताकडे बघत होता.

सोमवार, १५ सप्टेंबर
भानुदासला अवघड जाऊ नये म्हणून इयनला मीच फोन केला. आमचा निर्णय आणि त्यामागची वैचारिक भूमिका सविस्तर सांगितली. इयन म्हणाला, वॉव. थोड्या वेळाने म्हणाला, ओके. मग म्हणाला, मॉमशी बोलतो. अमेरिकन माणूस नव्या विचाराला किती मोकळा असतो!

भानुदास लॅबमधून उशिरा आला. न बोलता जेवला, न बोलता भांडी घासली. आज पाळी माझी होती. कामाचा ताण दिसतो.

शनिवार, २० सप्टेंबर
इयनच्या आईचा निरोप. ओळीतले सगळे एकसारखे दिसले पाहिजेत, फोटो असतात. भानुदासला पिवळा घालायचा असेल तर अवश्य घालावा, पण मग त्याने ओळीत उभं न राहता दाराशी गेस्टबुकच्या टेबलावर बसावं.

म्हणजे बढती! ओळीतल्या मित्रांची पाहुण्यांना पाठच दिसते. टेबलावरच्या माणसाला प्रत्येक जण भेटतो. भानुदासला हे पटवलं. तो म्हणाला, राधा, मी इयनला शब्द दिला होता. मी म्हटलं, शब्द पाळतोच आहोत की, फक्त बसून. तो बाहेर चक्कर मारायला गेला. बराच वेळ. हवा छान आहे सध्या.

रविवार, २८ सप्टेंबर
वसुधाकाकूंचा फोन. ओळीचं आणि टेबलाचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, अगं, पण भानुदासला काय हवंय ते विचारलंस का? मी म्हटलं, काकू, तुम्ही कधी काकांना विचारता का? त्या म्हणाल्या, कध्धी नाही. पण मी समतेवर भाषणंही देत नाही.

काकूंची पिढी वेगळी. वाद घातला नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर
किल्ट आला. पार्सलमधून काढल्यावर आधीपेक्षा जास्त पिवळा वाटतोय. प्रकाशाचा परिणाम.

ट्रायल घेतली. मी स्वतः नेसवला. निऱ्या छान एकसारख्या पुढे घेतल्या. भानुदास म्हणाला, निऱ्या मागे असतात. मी म्हटलं, मागे घेऊन बसल्यावर चुरगळतील, आणि तू तर टेबलावर बसून राहणार आहेस. त्याने आरशात पाहिलं. मग म्हणाला, हळदीच्या कार्यक्रमाला चांगला आहे. त्याच्यात विनोदबुद्धी परत आली, म्हणजे स्वीकार झाला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
भानुदास चर्चमध्ये लग्नाच्या रिहर्सलला गेला. टेबलावर बसायची कसली रिहर्सल, विचारलं. म्हणाला, असते. निघताना शीळ घालत होता. किती दिवसांनी.

शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपारी
भानुदास सकाळीच कपड्यांची बॅग घेऊन पुढे गेला. तिथेच बदलतो म्हणाला. निऱ्या पुढे, अशी मी खिडकीतून आठवण केली. त्याने हात केला. मी मोरपंखी साडी नेसलेय. चर्चपर्यंत काकू सोडणार आहेत. आज भानुदासला सगळे विचारतील, ही कोणती चौकडी? आणि तो सांगेल. उत्तर मी त्याच्याकडून पाठ करून घेतलंय.

रविवार, १२ ऑक्टोबर
कालचं लिहायला हवं. वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहिते.

दाराशी टेबल होतं, गेस्टबुक होतं, पेन होतं. भानुदास नव्हता. इयनची आई घाईत आली, माझे दोन्ही हात धरले, थँक यू म्हणाली आणि मला खुर्चीवर बसवलं. लोक रांगेत होते. मी सह्या घेत राहिले. एकाचं अक्षर लागेना म्हणून त्याला आडनाव विचारावं लागलं.

चर्चचं दार उघडं होतं. पुढे इयन. त्याला लागून भानुदास. गर्द निळा किल्ट, बारीक पांढरी रेघ, निऱ्या मागे. इतका ताठ उभा मी त्याला कधी पाहिला नव्हता. आमच्या लग्नातही नाही. इयनने अंगठीसाठी हात पुढे केला, तेव्हा ती भानुदासच्या खिशातून निघाली.

नंतर जेवताना मी इयनच्या आजीला गाठलं. घराण्याच्या कापडाविषयीची भूमिका मांडली. आजी सूप पीत होत्या. म्हणाल्या, आम्ही कुठले त्या घराण्याचे, हनी? आमचे लोक रानोमाळ हिंडणारे. त्या घराण्याच्या दारी आसरा मागायला आले, राहिले, आणि हेच नाव आपलं म्हणाले. कुणी हाकललं नाही. मग विचारलं, तुमच्याकडे घेता येतं का असं नवीन काही? मी म्हटलं, घेता येतं. आजोबांनी घेतलं होतं. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला माहीतच आहे सगळं, आणि ब्रेड पुढे केला. भूमिका तिथेच राहिली.

गाडीत भानुदासने सांगितलं की इयनच्या आईचा निरोप आला, त्याच संध्याकाळी तो त्यांच्याकडे जाऊन माप देऊन आला होता. चक्कर मारायला गेला होता ती ही. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाला, सांगितलं असतं तर सभा भरली असती.

मी रागावलेले नाही. तसा माझाच मुद्दा सिद्ध झाला: माणसाने आपली ओळख स्वतः निवडावी. फक्त निवडणारा माणूस मी जो धरला होता, तो नव्हता.

पिवळा किल्ट कपाटात हँगरवर आहे. काकू म्हणतात, उशांचे अभ्रे छान होतील.

सकाळी अकरा. भानुदास अजून निळा किल्ट घालून आहे. पार्किंग लॉटमध्ये गाडी धुतोय. शेजारची मुलं भोवती उभी आहेत, तो त्यांना निऱ्या दाखवतोय. मी गॅलरीतून बराच वेळ पाहिलं. मग खाली जाऊन म्हटलं, छान दिसतोयस.

तो म्हणाला, माहीत आहे.