एमवरचा खटका

वडसा,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. लोकेशभाऊस,
धाकट्या दीपालीचा सा. न. वि. वि.

तू माझा नंबर बंद करून ठेवला, म्हणून कागद घेतला. हसू नको, शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच पत्र लिहून राह्यली. आई बरी आहे असं लिहिलं असतं, पण नाई. पोटात पाणी भरते. नागपूरच्या डॉक्टरनं आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. भात दोन घास खाते. जीभ मात्र तशीच चालते; काल माझ्या भाजीले म्हशीचं आंबोण म्हणाली.

तिनं एकच हट्ट धरला आहे. बाबाच्या जुन्या मशीननं आपला फोटो काढावा. मोबाइल समोर धरला की तोंड फिरवते. त्या काचेनं अर्ध्या चंद्रपूरले पाह्यलं, मलेच काऊन नाई, असं म्हणते. खरंच भाऊ, बाबानं सारं गाव काढलं अन् आईले नुसतं फोटो धुवायले बसवलं.

मशीन तिच्या पेटीत आहे. तिनं ते सोबत आणलं याचा तुले राग आहे, माहीत आहे मले. रीळ नागपूरहून मागवलं. नाटकमंडळीचे फोटो काढणारा आकिब आपला बॅटरीवरचा फ्लॅश देतो म्हणते, पण भिंगावरचे आकडे त्यालेही समजत नाई. तू बाबाजवळ शिकला. मले नीट सांग.

दीपिकावहिनीले नमस्कार. रागाच्या एका कोपऱ्यात थोडी माया असू दे.

तुझी,
दीपाली

*

चंद्रपूर,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. दीपालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. आईला तू मुलाच्या घरून उचलून नेलेस. म्हातारी जड झाली का, असे वॉर्डातले लोक मला तोंडावर विचारतात. असो. आजारी माणसाच्या पुढ्यात मी भांडण काढत नाही.

विचारलेस ते सांगतो. दोनदा वाच, एकदा वाचून तुला कधीच काही समजले नाही. भिंगाच्या एका अंगाला ३.५ पासून २२ पर्यंत आकडे आहेत. ते भिंगाचे तोंड. आकडा लहान तेवढे तोंड मोठे. एकेक घर वर गेलीस की प्रकाश निम्मा होतो. दुसऱ्या अंगाचे आकडे, १ पासून ५०० पर्यंत, पडदा किती वेळ उघडा राहील ते सांगतात. ६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, साठ सेकंद नव्हे. खोलीत फ्लॅश लावून तोंड ८ वर, वेळ ६० वर. फ्लॅश नसेल तर दाराच्या उजेडात ३.५ आणि ३०, आणि हात हलू द्यायचा नाही.

भिंगाच्या कडेला छोटा खटका आहे. त्यावर व्ही, एक्स, एम अशी अक्षरे आहेत. व्हीला हात लावू नको, तो स्वतःचा फोटो काढायचा. जुन्या मशीनमध्ये अडकून बसतो. एक्स हा पूर्वीच्या, एकदाच जळणाऱ्या बल्बसाठी. तुझा फ्लॅश आताचा, तेव्हा खटका एमवर ठेव. हे विसरू नको.

आईस सांग, मी विचारले म्हणून.

तुझा भाऊ,
लोकेश

*

वडसा,
२ डिसेंबर २०२४

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

तुझे उपकार! सारं रीळ काढलं. खटका एमवर आहे न, हे दरवेळी पाहून घेतलं. आईनं हिरवं लुगडं नेसलं, मी अन् शेजारणीनं दोघींनी धरून बसवलं. फ्लॅश चमकला की नवरीसारखी लाजे. शेवटी फ्लॅशची बॅटरी संपली, तर एक फोटो दाराच्या उजेडात काढला, तू लिहिलं तसा. आकिब रीळ धुवायले नागपूरले पाठवते.

आई विचारते की लोकेश कधी येते. चांदाफोर्टहून गाडी थेट आहे, भाऊ. ये. तिच्यासमोर आपण भांडणार नाई.

वाट पाहणारी,
दीपाली

*

चंद्रपूर,
२९ डिसेंबर २०२४

चि. दीपालीस,
आशीर्वाद.

तेरवी उरकली. मुलगा म्हणून अग्नी दिला, पण तुझ्या अंगणात पाणी प्यालो नाही, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

रीळ कोरे निघाले असे ऐकतो. नवख्या हाताचे असेच होते, मनाला लावून घेऊ नको. मशीन मुलींच्या हाती देऊ नये, असे बाबा उगीच म्हणत नव्हते. आता ते परत पाठव.

तुझा भाऊ,
लोकेश

*

वडसा,
६ जानेवारी २०२५

भाऊस,

रीळ धुणाऱ्या माणसानं आकिबले पहिलं हेच विचारलं की खटका कुठी होता. एमवर, असं सांगितलं तसा तो हसला. एमच त्या जुन्या बल्बचा. बल्ब पेटायले वेळ लागे, म्हणून ठिणगी आधी अन् पडदा मागून. आताचा फ्लॅश पडदा उघडायच्या आधीच विझून जाते. त्याले एक्स पाहिजे होता.

तू हे बाबाच्या मांडीवर बसून शिकला. आकडे खरे लिहिले, व्हीचं खरं लिहिलं, अन् एका अक्षरात खोटं घातलं. डोळे मिटू नये म्हणून ती पापण्या ताणून बसे, भाऊ. पोट दुखे तरी ताठ बसे. अन् आत कायीच जात नोतं.

दाराजवळचा फोटो तेवढा आला.

दीपाली

*

चंद्रपूर,
१० जानेवारी २०२५

दीपाली,

शिव्या दे. मीच लिहिलं, समजून लिहिलं. रीळ कोरं निघालं की तू तिले घेऊन माह्या दारात येशील, बाबाच्या स्टुलावर बसवून मीच तिचा फोटो काढीन, अन् वॉर्डाले दिसंल की आई लेकाकडंच आली. एवढंच मनात होतं. ती इतक्यात जाईल असं वाटलं नाई.

आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. दीपिका म्हणते की ही कोण बाई. मलेही ओळखू येत नाई. एक प्रत दे. मशीन ठेव. मोठा असून पाया पडतो तुह्या.

लोकेश

*

वडसा,
१७ जानेवारी २०२५

श्री. लोकेश यांस,
स. न.

तुमचं पत्र मिळालं. प्रत मिळणार नाई. निगेटिव्ह मी चुलीत टाकली. फोटो एकच आहे, तो माझ्याजवळ आहे.

त्यात काय आहे ते सांगते. आई दाराच्या चौकटीले टेकून बसली आहे. तोंडावर दुखणं नाई. हसली आहे, दात दिसतात. आपण दोघांनी तिले असं हसताना कधी पाह्यलं नसंल. हे सारं तुले कोणं शिकवलं, असं तिनं त्या वेळी मले विचारलं होतं. मी म्हणाली, लोकेशभाऊनं. अन् त्याच घडीले बटण दाबलं.

ते हसू तुमच्यासाठी होतं. ते तुम्हाले कधी दिसणार नाई.

इथून पुढं लोभ मागत नाई, देतही नाई.

दीपाली