पासलीला न आलेलं औषध

पासली, ता. १२ जानेवारी २०२५

चि. गायत्रीताई यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

इकडं सगळी खुशाल. भात झोडून झालं. आत्याबाईंचा खोकला कमी आहे. त्या विचारतात, लेक बारीक का झाली, सगळं उंदरांनाच खायला घालते का?

फोनवर हे बोलता येत न्हाई. रेंज टेकडीवर, आणि तिथं निम्मं गाव उभं. दिवाळीत तुम्ही सांगितलंत की मणक्याला मार लागलेले उंदीर तुमच्या इंजेक्शननं चालू लागले. तेव्हापासून यांनी चाकाची खुर्ची घरात येऊ दिली न्हाई. गायत्रीचं औषध येतंय, खुर्चीची अडगळ कशाला, म्हणतात. दिवसभर पडवीतल्या खाटेवर पडून पाठीला जखम झालीय. त्यात कामथडीच्या मामांनी मोबाईलवर जाहिरात दाखवली. कुठलासा डॉक्टर असलंच जीनचं इंजेक्शन माणसांना देतो म्हणं. हे निघायला तयार बसलेत, मामा गाडी ठरवतायत.

हो म्हणा न्हाईतर नको म्हणा, पण लवकर कळवा. तुमचा शब्द ते मोडणार न्हाईत.

पोस्टमनची वाट बघणारी,
तुमची वहिनी रत्ना


हैदराबाद, ता. २० जानेवारी २०२५

सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

दादाला जाऊ देऊ नका. हे पत्र त्याला पूर्ण वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून आम्ही एक जनुक उंदराच्या मज्जारज्जूत पोचवतो. त्यानं तुटलेले तंतू पुन्हा वाढू लागतात. काही उंदीर खरंच चालले. पण त्यांची इजा ताजी होती. दादासारख्या जुन्या इजेत आत घट्ट व्रण धरतो, तो ओलांडून तंतू पुढं जात नाहीत. माणसांपर्यंत आमचं काम पोचलेलं नाही. काही उंदरांना त्याच इंजेक्शननं गाठी झाल्या. हे दिवाळीत मी सांगितलं नाही. दादाचा चेहरा इतका उजळला होता की पुढचं तोंडातून निघालंच नाही.

माझी एसटी चुकली आणि मला न्यायला दादा वेल्ह्याला निघाला, तेव्हाच वाटेतल्या घाटात त्याची गाडी घसरली. तुम्ही कुणी मला कधी बोल लावला नाहीत. लावला असता तर बरं झालं असतं. त्याचे पाय माझ्यापायी गेले, आणि आता आशाही मीच काढून घेते आहे.

आईला काही सांगू नका. खुर्चीचं तेवढं बघा.

रागावलात तरी पत्र बंद करू नका.

तुमची गायत्री


पासली, ता. २५ मे २०२५

चि. गायत्रीताई यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

फार दिवस लिहिलं न्हाई, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. तुमचं पत्र वाचून दाखवलं तसं यांनी भिंतीकडं तोंड केलं. तिला उंदीर दिसतात, मी दिसत न्हाई, एवढंच बोलले. मामांना मात्र परत पाठवलं. नंतर तुमचं नाव काढलं की जेवण तसंच ठेवायचे.

मागल्या आठवड्यात शेजारचे रखमाजी घरावर पत्रे बसवताना पाय सटकून अंगणात पडले. माणसं धावली आणि त्यांना हातापायांना धरून उचलायला लागली. हे खाटेवरून ओरडले, उचलू नका, मणका असंल. त्या गोंधळात कोण ऐकतंय! तेव्हा यांनी अंग खाली झोकून दिलं आणि कोपरांवर सरपटत अंगणात गेले. मधे आडवे पडले म्हणून लोक थांबले. मग दाराची फळी काढायला लावली, मानेला दोन्हीकडून टॉवेल लावले, सरळच्या सरळ सरकवून गेनूच्या टेम्पोत ठेवलं. दवाखान्यात म्हणाले, हाड मोडलंय, पण आतली शीर वाचली. ओढाताण केली असती तर सांगता येत नव्हतं.

कोपरं सोलून निघालीत. दुसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाले, खुर्ची आणा, पुन्हा असं झालं तर सरपटत किती येळ लागतो. खुर्ची आली. सोबत त्यांचं पत्र आहे. मला वाचू दिलं न्हाई, म्हणून मी वाचलं न्हाई.

आता घरी या. आंबे संपायच्या आत.

तुमची वहिनी रत्ना


चि. गायत्रीस,
अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाई, तर चुकलंमाकलं सांभाळून घे. तुझ्यावर लई राग होता. थोडा अजून हाय. तो गाडीचा न्हाई. त्या दिवशी वळणावर मीच जोरात होतो, ते तू डोक्यातनं काढ. राग दिवाळीचा हाय. तू अर्धंच सांगितलंस. पण मीबी अर्धंच ऐकलं असतं.

काल टेम्पोत बसून रखमाजीला बघून आलो. डॉक्टरनं पायाला टोचलं तशी त्याची बोटं हलली. त्याची बायको रडली, माझ्या पाया पडायला लागली. समदी म्हणत व्हती, हनुमंतानं वाचवलं. आणि मी त्या बोटांकडं बघत व्हतो. बरं वाटलं. आणि त्याच टायमाला वाटलं, ह्याचीच का? नसती हलली तर काय बिघडलं असतं? असं मला वाटलं, गायत्री. म्या वाचवलेल्या माणसाबद्दल वाटलं.

रत्नाला सांगितलं न्हाई. आईला तर न्हाईच. हे मनात घेऊन माणूस कसा राहतो, ते घरात तुलाच ठावं असंल, म्हणून तुला लिवलं.

तुझा दादा
हनुमंत